आबांची बदामी पँट

सकाळी भांडी घासून झाली की मी लॅपटॉप उघडते आणि एक माणूस उभा करते. राखाडी रंगाचा, टक्कल असलेला, हात अंगापासून थोडे लांब धरलेला, पोलिसानं झडती घ्यायला थांबवल्यासारखा. ज्या कपड्यांच्या कंपनीचं मी काम करते ती दूर दक्षिणेत आहे. तिथून पँटचं कटिंग येतं. शिंपी कागदावर कापतो ना तुकडे, तेच, फक्त कॉम्प्युटरमधले. पुढचे दोन, मागचे दोन, कंबरपट्टा, खिसे. मी ते त्या माणसाभोवती लावते, कोणती कड कोणत्या कडेला शिवायची ते सांगते आणि बटण दाबते. कापड थरथरतं आणि त्याच्या अंगावर बसतं. जिथं ताणलं जातं तिथं तांबडं दिसतं, जिथं सैल असतं तिथं निळं. मग मी त्याला गोल फिरवून बघते आणि कंपनीला लिहून पाठवते : सीटवर ओढ आहे, मांडीच्या आत चुणी पडते, मागून बैठक वाढवा. खऱ्या कापडाला कात्री लागायच्या आधी पँट बसेल की नाही ते सांगायचं, हे माझं काम.

हे काम मी जळगावला, मेहरूणमधल्या एका भाड्याच्या खोलीतून करते. घरमालकीण अक्कांना वाटायचं मी टायपिंग करते. एकदा चहा घेऊन वर आल्या आणि पडद्यावर अर्धवट कपड्यातला पुरुष बघून दारातूनच मागे फिरल्या. मी त्यांना हाक मारून परत बोलावलं आणि सगळं समजावून सांगितलं. ऐकून म्हणाल्या, "म्हणजे शिवणकामच की गं!"

"शिवणकाम नाही अक्का. मी पदवी घेतली आहे यात."

"बरं बाई, पदवीचं शिवणकाम."

हसून गेल्या. मला हसू आलं नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझे वडील धुळ्याला एका शाळेत शिपाई होते. शिपायाच्या पोरीनं कापड आणि पोशाख या विषयातली पदवी मिळवली, हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते, आणि सांगताना मला लाज वाटत नाही.

आधी मी जळगावच्या एमआयडीसीत कपड्यांच्या कारखान्यात होते. तो बंद पडला. तेव्हा धुळ्याला परत जायला हवं होतं असं सगळे म्हणाले. घर होतं, भाऊ-वहिनी होते. पण परत गेले असते तर गल्लीनं एकच म्हटलं असतं, शिकून काय केलं, आली ना घरी. म्हणून हे काम शोधलं आणि इथंच राहिले. कारखान्यातल्या मैत्रिणी कुठं नाशिकला, कुठं सुरतेला पांगल्या. आता असे दिवस जातात की सकाळपासून तोंडातून शब्द निघत नाही. भाजीवाली आली तर तिला "अर्धा किलो" म्हणायचं, नाहीतर तेही नाही. रविवारी मेहरूणच्या तलावावर चक्कर मारते. लोक जोडीनं चालतात, पोरं सायकली फिरवतात. मी चालणाऱ्यांच्या पँटी बघते. सवयच लागली आहे. कुणाची बैठक आखूड, कुणाची पायाकडची मोहरी बुटावर साचलेली. चेहऱ्यांपर्यंत नजर जातच नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला आबांचा, म्हणजे वडिलांचा, फोन येतो. "जेवनी का?" एवढंच. जेवायची वेळ झालेली नसते, तरी तेच. आबा शाळेत काम करायचे म्हणून त्यांनी मला लहानपणापासून शाळेतली भाषा बोलायला लावली. स्वतः मात्र आयुष्यभर अहिराणीतच बोलले. त्यामुळं आम्ही बापलेक दोन भाषांत बोलतो आणि बाहेरच्याला ते भांडण वाटतं.

आबांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांच्या पँटची घडी. शाळेत मास्तर लोक चुरगळलेल्या पँटीत यायचे, पण शिपायाच्या पँटला कमरेपासून बुटापर्यंत सुरीसारखी रेघ असायची. रात्री पँट गादीखाली घालायचे आणि सकाळी वर इस्त्री. खाली बसताना दोन्ही गुडघ्यांवरचं कापड दोन बोटांच्या चिमटीत धरून, वर ओढून मगच टेकायचे, म्हणजे घडी मोडत नाही. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी बदामी टेरीकॉटची पँट घालून, चौकातल्या चहाच्या टपरीवर जाऊन, उभ्या उभ्या पेपर वाचायचे.

दोन पावसाळ्यांपूर्वी ते मोरीत घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी घेऊन चालायला लागले, पण डावा पाय दोन बोटं आखूड झाला आणि कंबर त्या बाजूला उतरली. पँट घातली की डावी मोहरी जमिनीवर लोळायची आणि रेघ फिरून आतल्या बाजूला जायची. भावानं गल्लीतल्या शिंप्याकडून डावा पाय आखूड करून आणला. लोळायची थांबली, पण रेघ फिरायची ती फिरायचीच, आणि सीटपासून गुडघ्यापर्यंत तिरक्या चुण्या. आबांनी पँटी ट्रंकेत टाकल्या, लुंगी लावली आणि घराबाहेर पडायचं बंद केलं. टपरी बंद, देऊळ बंद. ओट्यावर बसायचे, तेही रस्त्याकडे पाठ करून.

मी फोनवर म्हणायचे, "आबा, एकदा जळगावला या. मी राहते कुठं ते तरी बघा."

"येसू ना."

"कधी?"

"लुंगीवर येऊ का मी तुन्हा घर?"

मी बोलणं तिथंच सोडलं. पण रात्रभर डोक्यात तेच राहिलं. दिवसभर मी कोणाकोणाच्या पँटी बसवते, ज्या माणसांना मी जन्मात बघणार नाही त्यांच्या. आणि माझा बाप पँटपायी घरात बसला आहे. त्यांची पँट नीट बसली तर ते माझ्याकडे येतील, नाहीतर येणार नाहीत. इतकं ते सरळ होतं.

शिंप्याचं काही चुकलं नव्हतं. तो खालून कापत होता आणि बिघाड वरून होता, कंबरेतून. असं बिघडलेलं उभं राहणं मी पडद्यावर बसवू शकते. फक्त आबांचं शरीर कॉम्प्युटरमध्ये उभं करायला मापं हवी होती. उंची, कंबर, सीट, मांडी, आतली लांबी. शनिवारी टेप घेऊन धुळ्याला गेले.

आबांनी टेप बघितला आणि भिंतीकडे तोंड केलं. "पोरगी बापनं माप लेस का कोठे?"

हे मला आधी सुचायला हवं होतं. कारखान्यात मी ढीगभर मापं घेतली होती, पण वडिलांच्या मांडीला टेप लावायचा म्हटल्यावर माझेही हात आखडले. भाऊ कामावर होता. शेवटी शेजारच्या नानांना बोलावलं. नाना म्हणजे आबांचे नोकरीपासूनचे सोबती, त्याच शाळेतले दुसरे शिपाई. आत ते दोघं, दार लोटलेलं, आणि मी ओट्यावर बसून ओरडते आहे.

"नाना, आता सीट. जिथं सगळ्यात जास्त भरते तिथं."

"कोठे भरस? हाऊ तर वाळी गया बठ्ठा."

"हळू रे! गुदगुल्या व्हतस," आबांचा आवाज.

"आता मांडी. दोन्ही वेगवेगळ्या मोजा."

"दोन्ही सारख्याच शेतस वं माय."

"मोजा तरी."

मग आत थोडी खुसफुस झाली. काहीतरी लाकडाचं जमिनीवर ठेवल्यासारखा आवाज आला. मला वाटलं स्टूल सरकवलं असेल. नानांनी मापं सांगितली, मी लिहून घेतली. फोटोही काढायला सांगितले होते, पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. चारही फोटोंत आबा गुडघ्यापासून वरच आले होते. नानांना एवढं जमलं हेच खूप, असं म्हणून मी फोन पिशवीत टाकला. फोटोत आबा सैनिकासारखे उभे होते. खांदे सरळ, कंबर सरळ. मला बरंच वाटलं. वाटलं, डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामानं फरक पडतोय.

जळगावला येऊन त्या मापांवरून मी आबांना उभं केलं. कंपनीच्या माणसाचं पोट थोडं पुढं काढलं, मांड्या बारीक केल्या, खांदे अरुंद केले. डोकं झाकून टाकलं. तो टकला चेहरा आबांच्या अंगावर मला बघवेना. बदामी टेरीकॉट चढवलं. कापड पडलं, बसलं आणि कुठंही तांबडं दिसलं नाही. दोन दिवस मी लॅपटॉप बंदच केला नाही. कंपनीचं काम संपल्यावरही त्यांना पडद्यावर तसंच उभं ठेवून भाकरी खायचे.

त्या कटिंगचा कागद छापून घेतला आणि इथल्याच एका शिंप्याकडून पँट शिवून घेतली. पुढच्या शनिवारी धुळ्याला. आबा आतून घालून बाहेर आले. मी बघितलं. डावी मोहरी जमिनीला. रेघ आत फिरलेली. त्याच चुण्या, त्याच जागी.

"बरी शे," आबा म्हणाले आणि खुर्चीकडे वळले.

"काय बरी आहे आबा? मला दिसत नाही का?"

"बरी शे म्हनं ना."

मी खाली बसून मोहरी बघत होते. मापं पुन्हा पुन्हा आठवत होते. चूक माझी की कॉम्प्युटरची, काही कळेना. दारात नाना उभे होते. त्यांना राहवलं नाही.

"काय बरी शे! डस्टरवर उभा ऱ्हाईसन माप दिधं यानी, आते पँटले काय नावं ठेवतस?"

"तू गप बठ रे!"

"कशावर?" मी विचारलं.

नानांनी फळीवरून काढून दाखवलं. शाळेतलं जुनं लाकडी डस्टर. निवृत्तीच्या वेळी आबांनी आठवण म्हणून आणलेलं. जाडीला बरोबर दोन बोटं. डाव्या पायाखाली ते ठेवून आबा मापाला उभे राहिले होते, फोटोलाही. म्हणून फोटोत पाय नव्हते.

मला राग आला. मी म्हटलं, "आबा, असं कोण करतं?"

आबा माझ्यापेक्षा जास्त चिडले. "फोटोमा वाकडं कोन उभं ऱ्हास? माप देवाले बी सरळच उभं ऱ्हातस लोक!"

आमच्याकडे फोटो काढायचा म्हणजे माणूस श्वास रोखून ताठ होतो. लग्नातल्या प्रत्येक फोटोत आमचे सगळे नातेवाईक शिक्षा झाल्यासारखे उभे आहेत. ज्या माणसानं चाळीस पोरांच्या रांगेला "सरळ उभे राहा" म्हणण्यात नोकरी काढली, तो मापाला वाकडा उभा राहील, हे मी कसं धरून चालले?

मी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि आबांच्या पुढ्यात ठेवला. पडद्यावर बदामी पँट घातलेला तो माणूस.

"हाऊ कोन शे?"

"तुम्ही."

आबांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. "डोकं कोठे शे मन्हं?"

"डोक्याला पँट लागत नाही."

नाना हसले. आबा हसले नाहीत. मी पडद्यावर त्या माणसाची डावी कंबर थोडी उतरवली. कापड लगेच हललं. सीटवर तांबडं उमटलं, तिरक्या चुण्या पडल्या, रेघ आत फिरली. आबांनी खाली स्वतःच्या पायाकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा खाली.

"हाऊ मी शे," ते हळूच म्हणाले.

"आबा, हे फक्त मलाच दिसतं. कंपनीला नाही, कोणालाच नाही. तुम्ही जसे उभे राहता तसं मला बघू द्या. तेवढ्यानं काम होईल."

नाना बाहेर ओट्यावर गेले. आबांनी काठी भिंतीला टेकवली आणि माझ्यासमोर उभे राहिले. हात नुसते सोडून. शरीर डावीकडे कलत गेलं आणि एका जागी थांबलं. डावा खांदा खाली, उजवी कंबर वर. इतक्या दिवसांत त्यांनी मला हे बघू दिलं नव्हतं. मी आले की नेहमी बसलेले असायचे. मी पडद्यावर मान घालून कंबर उतरवत राहिले, गुडघा किंचित वाकवला, खांदा खाली घेतला. त्यांच्याकडे आणि पडद्याकडे, त्यांच्याकडे आणि पडद्याकडे. ते हलले नाहीत. माझे डोळे भरून आले होते, पण माउस धरलेला हात स्थिर होता. शिक्षणाचा उपयोग म्हणाल तर तो.

जळगावला येऊन मी कटिंग बदललं. डाव्या तुकड्यांतून वरून, कंबरेतून कापड कमी केलं, उजव्या बाजूला वाढवलं, मागच्या शिवणीची वाट थोडी फिरवली. पुन्हा पुन्हा पडद्यावर कापड चढवलं. तांबडं विरत गेलं. शेवटी गुडघ्यामागं एक चुणी राहिली, ती राहू दिली. शिंप्यानं कागद बघून विचारलं, "ताई, हे दोन पाय दोन माणसांचे आहेत का?" मी म्हटलं, "एकाच माणसाचे. असेच शिवा." भाऊ कामानिमित्त जळगावला आला होता, त्याच्याजवळ पँट दिली.

मग काहीच नाही. संध्याकाळी फोन यायचा, "जेवनी का?", मी हो म्हणायचे, आणि दोघंही पँटबद्दल बोलायचो नाही. मी विचारलं नाही. विचारलं आणि पुन्हा "बरी शे" ऐकायला मिळालं तर? आठवडा गेला, दुसरा गेला. त्या दिवसांत पडद्यावरच्या आबांना मी उघडलं नाही. कंपनीच्या माणसावर पँटी चढवत राहिले. भाजीवालीनं विचारलं, ताई, बरं नाही का. मी म्हटलं, अर्धा किलो गिलकी दे.

एका सकाळी अवेळी फोन वाजला. मागं गाडीची घरघर आणि कंडक्टरचा आवाज.

"आबा? काय झालं?"

"एरंडोल उनं," ते म्हणाले. "स्टँडवर ये."

एरंडोल आलं म्हणजे गाडी जळगावच्या जवळच. मी तशीच पायात चप्पल सरकवून रिक्षा केली. धुळ्याची गाडी लागली तेव्हा मी खांबाआड उभी राहिले. का, ते सांगता येणार नाही. सगळे उतरून गेल्यावर आबा आले. आधी काठी, मग उजवा पाय, मग डावा. बदामी पँट, पांढरा सदरा. स्टँडवर ते एका बाजूला कललेले उभे होते आणि रेघ कमरेपासून बुटापर्यंत सरळ उतरत होती. मी आधी चुणी बघितली. गुडघ्यामागची, तेवढीच. मग चेहऱ्याकडे बघितलं.

खोलीत खुर्ची एकच. मी त्यांना ती दिली आणि पलंगाच्या काठावर बसले. बसताना त्यांनी दोन्ही गुडघ्यांवरचं कापड चिमटीनं वर ओढलं. भिंतींकडे बघितलं, गॅसकडे, खिडकीकडे.

"आठे कोन येस?"

"कोणी नाही. काम असतं ना."

"मंग बोलस कोनसंगे?"

"तुमच्याशी. संध्याकाळी."

मी घाईनं लॅपटॉप उघडला आणि त्यांना त्यांचंच शरीर दाखवलं, नव्या पँटीतलं, कललेलं, कुठंही तांबडं नसलेलं. त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "हाऊ दिनभर उभाच ऱ्हास का?"

"हो."

"बसाड ना त्याले."

कंपनीच्या कामात बसवायची वेळ क्वचित येते. मी एकेक सांधा वाकवत त्याला बसवलं. आबा आणि मी दोघं बघत होतो. मग वांग्याचं भरीत नि भाकरी केली, ते खाऊन त्यांनी अक्कांना खाली जाऊन सांगितलं की माझी पोर कॉम्प्युटरवर पँटी बसवते, आणि ही मी घातलेली तिचीच. अक्कांनी वाकून पँट बघितली. राहा म्हटलं तर राहिले नाहीत. पाचची गाडी होती.

स्टँडवरून परत आले तेव्हा पडदा तसाच उघडा होता. तो माणूस बसलेला, खाली खुर्ची नाही, हवेतच. बसल्यामुळं गुडघ्यांवर कापड ताणून तांबडं झालं होतं. मी माउसनं एका गुडघ्यावरचं कापड धरून चिमूटभर वर ओढलं, मग दुसऱ्या. तांबडं गेलं.

अंधार पडल्यावर फोन आला. "पोचनू."

"पँट?"

"घडी मोडनी नही." मग म्हणाले, "आखो एक खुर्ची लई ठेव तठे."

प्लास्टिकची खुर्ची मी दुसऱ्याच दिवशी आणली. खिडकीजवळ असते. तिच्यावर वाळलेले कपडे साठत राहतात. संध्याकाळी आबांचा फोन यायची वेळ झाली की मी ते उचलून ठेवते.